उस्तादांच्या मिशीवरचा चिखल

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नव्हे. उलट कितीदा तरी सांगितलं, पण लोकांना हसवायला, आणि खोटं.

गेल्या रविवारी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर रंगरुटांचा विनोदी सिनेमा लागला होता. डावीकडे वळ म्हटलं की उजवीकडे वळून एकमेकांवर डोकी आपटणारे, कवायतीत पँट सुटलेले, बंदूक उलटी धरणारे. असले सिनेमे मला बघवत नाहीत. पण उठून गेलो तर घरचे कारण विचारतील, या धास्तीने बसून राहतो आणि सगळ्यांच्या आधी हसतो. पुढे काय येणार ते ठाऊक असतं. आलंच. एका रंगरुटाने हातगोळ्याची पिन लांब फेकली आणि गोळा हातातच धरून उभा राहिला.

"आबा, तुमी आला बघा!" नातू ओरडला. तो सैन्यात भरती झालाय, दोन दिवसांनी ट्रेनिंगला निघायचा होता. सून आत त्याच्यासाठी शेंगाचटणी कुटत होती. "मम्मी, तेल सुटंपर्यंत कुट. आबांसारखी बॉम्बला लावतो की!"

"मामा, ते मिशीचं सांगा की परत," सून आतून म्हणाली.

घरात पाठ झालेली गोष्ट अशी. मी रंगरूट असताना चटणीच्या हातातून गोळा निसटला. उस्तादांनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारांनी, तो उचलून भिरकावला. सगळे चिखलात आडवे, आणि उस्तादांच्या पिळदार मिशीवर चिखलाचा लपका. इथे मी माझी मिशी पुसून दाखवायचो.

त्या दिवशी हात मिशीकडे गेलाच नाही. नातू वाटीतली चटणी खाऊन बोटं चाटत होता. बोटं तेलाने चकाकत होती. हा असाच हसत रांगेत उभा राहील, असं मनात आलं. मी टीव्ही बंद केला.

"चिखल नव्हता," मी म्हणालो. "उन्हाळा होता."

गोळा फेकायच्या आधी तळहात कोरड्या मातीत घासायचे, हा उस्तादांचा नेम. मी रांगेत कापत होतो. धीर यावा म्हणून खिशातली घरच्या शेंगाचटणीची पुडी सोडली, दोन चिमटी तोंडात टाकल्या, तेवढ्यात माझी पाळी आली. हात घासायचे राहिले. पिन काढली, हात मागे नेला, आणि गोळा माझ्या पायाशी. पाय हलेनात. उस्तादांनी मला समोरच्या छातीएवढ्या भिंतीच्या बुडाशी ढकललं आणि गोळा उचलून भिंतीवरून पलीकडे टाकला. तो जाता जाताच फुटला. उस्ताद भिंतीआड होते, पण हात वर होता. उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं : घरी हाकलतील, सोलापूर स्टेशनवर उतरून वडिलांना तोंड कसं दाखवू? मी म्हणालो, "उस्तादांचा धक्का लागला." दोष त्यांच्यावर गेला. शिकवण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मी मात्र नोकरी पुरी केली, आज पेन्शन खातो.

सून बत्ता हातात घेऊन दारात उभी होती. नातवाने बोटं पँटला पुसली.

"आबा, त्यांना भेटला का नंतर?"

भेटलो होतो. इस्पितळात. रस्ताभर मोडक्या हिंदीत दोन वाक्यं जुळवत गेलो. ते खाटेवर बसून डाव्या हाताने चहा पीत होते. मला बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"बेटा, तुझे तो नहीं लगी?"

"नहीं, उस्ताद," मी म्हणालो, सॅल्यूट ठोकला आणि बाहेर पडलो.

जुळवलेलं तोंडातच राहिलं. धक्का तुमचा नव्हता, उस्ताद, माझा हात तेलकट होता. मला माफ करा.