पांढरं कार्ड

तरुणपणी मी फार हुशार होते. रेशनकार्डांचे रंग ठरत होते तेव्हा आमचे हे फॉर्मवर खरं उत्पन्न लिहायला बसले आणि मी त्यांच्या हातातलं पेनच काढून घेतलं. पिवळं कार्ड गरिबांचं, पांढरं साहेब लोकांचं, आणि मधलं केशरी आमच्यासारख्यांचं. नवरा कंपनीत हेल्पर, सिडकोत दोन खोल्या. निवडणुकीत झोपडपट्टीत जेवणावळ, बंगल्यावर उमेदवार हात जोडून, आणि आमच्या गल्लीत नुसती भोंग्याची रिक्षा. ती मधली जागा मला नकोच होती.

“अगं, आपण केशरीत बसतो,” हे म्हणाले.

“बसा तुम्ही,” म्हणत मी न मिळालेली बढतीसुद्धा उत्पन्नात धरली. पांढरं कार्ड आलं. पाचोडहून माहेरचं कुणी आलं की ह्या बाईसाहेब, म्हणजे मीच, ते शोकेसमध्ये पुढं सरकवून ठेवायच्या.

पुढं कंपनी बंद पडली. हे शेंद्र्याला वॉचमन झाले आणि एक दिवस जिना चढताना छाती धरून खाली बसले. ऑपरेशन सांगितलं. सरकारी योजनेत फुकट होणार होतं, पण तेव्हा तिथं पिवळं नाहीतर केशरीच चालायचं. दवाखान्याच्या खिडकीतल्या पोरीनं आमचं कार्ड परत दिलं. “यावर नाय होत, मावशी.”

कार्ड बदलायचा अर्ज केला. चौकशीला रेशन ऑफिसचे साहेब घरी येणार म्हटल्यावर शेजारची शिलाईवाली आपा म्हणाली, “भाभी, कुछ नक्को करो. घर जैसा है वैसा दिखाओ.”

पण सवय हाडात मुरलेली. पाहुणा येणार म्हणून मी ठेवणीतली साडी नेसले, आपाकडूनच सोनेरी काठाचे कप आणले आणि बशीत काजूची बिस्किटं मांडली.

साहेबांनी बशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “काकू, ही बिस्किटं खाता आणि केशरी कार्ड मागता?”

हे पलंगावर धापा टाकत होते, तरी हसले. “साहेब, ती मीबी आजच बघतोय.”

दारातून आपा म्हणाली, “और कपां मेरे हैं, साब.”

साहेब हसले नाहीत. पेन उघडून थांबले. “मग खरं काय ते तुम्हीच सांगा, काकू.”

आयुष्यभर जे मी कुणापुढं बोलले नव्हते, ते पदराचं टोक पिळत बोलले. “घरात काही नाही, साहेब. हा एवढा एक माणूस आहे.”

त्यांनी मान खाली घालून लिहिलं. चहा मात्र सगळा प्यायले.

ऑपरेशन झालं. आता हे बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसलेत. बंद करा म्हणून दोनदा ओरडून झालंय. ते ऐकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही काही फार जोरात ओरडत नाही.