बेकनमधला छर्रा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणाकडं लग्न निघालं, की रश्श्याच्या हंड्यापुढं शेवटी धोंडुबाईला आणून उभं करत. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अजून अर्धी मूठ." नाहीतर, "झालं, आता कुणी हात लावू नगा." आचारीसुद्धा निमूट ऐकायचे. शाळेत ती दोन पावसाळे गेली असेल नसेल, पण मिठाच्या बाबतीत आपण पंडित, असं ती स्वतःच सांगायची. लोक मान हलवायचे. मग तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मान हलवत नव्हता तो एक तिचा नवरा. हंबीरराव हवालदार लढाईत इटलीपर्यंत जाऊन धडधाकट परत आले, पण जीभ मात्र तिकडंच ठेवून आले. तांबडा वाढा, पांढरा वाढा, खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. "ब्येस" हा शब्द त्यांच्या तोंडून एकाच जिनसेसाठी निघायचा.

"बर्फात तंबू. शेजारी गोऱ्यांचा भटारखाना. सकाळी तव्यावर बेकन पडलं, की मेलेला माणूस उठून बसायचा. लई ब्येस!"

"कसलं असतंय म्हणं ते?"

"डुकराचं. मिठात मुरवायचं, धुरात टांगायचं."

"मग त्यात काय हाय येवढं?"

"ते तुला न्हाय कळायचं."

हे शेवटचं वाक्य धोंडुबाईच्या काळजात काट्यासारखं रुतलं. एखादी सवत असती तर झिंज्या धरून भांडता आलं असतं. पण डुकराच्या तुकड्याच्या झिंज्या कुठून आणायच्या? तिनं मनाशी ठरवलं, की ह्या माणसाच्या तोंडून माझ्या हातच्या घासाला एकदा तरी "ब्येस" वदवून घेईन, तरच मी मिठातली धोंडुबाई.

पन्नास साली थंडीत जुन्या शिपायांचा बेळगावला मेळावा होता. "मला बी यायचं हाय," म्हणून ती हट्टानं एसटीत चढली. हवालदार दोस्तांत रमले, तेव्हा ही विचारत विचारत कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गोवेकराच्या दुकानी पोचली. त्यानं उशीएवढा तुकडा काढला. वर पांढरी चरबी, खाली तांबूस मांस, मधनं लुगड्याच्या काठासारख्या रेघा.

"बाय, पातळ काप. तव्यार घाल. तेल नाका, मीठ नाका," त्यानं बजावलं.

धोंडुबाईनं मान डोलावली. मनात म्हणाली, हा मला मीठ शिकवणार!

परतीच्या गाडीत फडक्यात गुंडाळलेलं ते गाठोडं तिनं मांडीवर घेतलं होतं. शेजारची बाई निपाणीपर्यंत कौतुकानं बघत होती. उतरताना म्हणाली, "लेकरू लई गुणाचं हाय हो, एकदा सुदिक रडलं न्हाय." हवालदारांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

घरी उंबऱ्यावर आक्का उभ्या होत्या. आक्का म्हणजे हवालदारांची विधवा थोरली बहीण. त्या घरात कायदा आक्कांचा. रानडुक्कर चालायचं, कारण ते शिकारीचं. गावडुकराचं नुसतं नाव निघालं तरी त्या चूळ भरायच्या.

"धोंडे, काय आणलंस?"

"डुक्कर हाय, आक्का. पर रानातलं."

"रानातलं? मग छर्रा दाव."

"आत रुतलाय. कापताना निघंल की."

"निघू दे. छर्रा दिसल्याबिगर मी काय त्याला शिवायची न्हाय, आन तुझ्या हातचं पानी बी प्यायची न्हाय."

झालं! एका खोट्याला आता शिशाची जोड लागणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गडमुडशिंगीचा पिराजी दूध घालायला आला. त्याच्याकडं ठासणीची बंदूक होती.

"पिराजी, मला एक छर्रा आणून दे."

"कुनाला मारायचं हाय, वैनी?"

"मेल्यालाच मारायचं हाय. गप आणून दे."

पिराजीनं आणून दिला. दाभणानं भोक पाडून धोंडुबाईनं तो मांसात खोल दडपला. वरून बोटानं चरबी सारवली. भिंतीत खुंटी ठोकावी तितक्या सफाईनं काम झालं. मग घरामागच्या परड्यात अंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, तिच्यावरच्या वाश्याला तुकडा टांगला. रोज सकाळी त्याला धुरी मिळायची, आणि खाली मांजर कीर्तनाला बसल्यागत वर तोंड करून बसायचं.

रविवारी अर्धा तुकडा खाली उतरवला. परड्यात तीन दगडांची चूल मांडली. आता मटण म्हटल्यावर आधी काय करायचं, ते कोल्हापूरच्या पोरीसोरींनाही माहीत. हळद आणि मीठ लावायचं, शिजवायचं, वरचं पाणी काढून त्याचा रस्सा करायचा. धोंडुबाईनं ह्या मिठात मुरलेल्या मांसाला चोळून चोळून मीठ लावलं. वर रश्श्यात आणखी अर्धी मूठ. चाखायची काय गरज? हात बोलत होता.

हवालदारांनी पहिला भुरका मारला, आणि तांब्या उचलून सगळा घशात ओतला. मग दुसरा तांब्या. पानाला न शिवलेल्या आक्कांनी लांबूनच विचारलं, "का रं हंबीर, तिखट हाय?"

"न्हाय. समुद्र हाय."

धोंडुबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं. तिचे डोळे मिटले, ते ह्या वेळी आपोआप. पेठेतल्या सगळ्या लग्नांचं मीठ जणू एका पातेल्यात उतरलं होतं. ती पातेलं उचलून उकिरड्याकडं गेली. त्यात बोटं घालून छर्राही धुंडाळला. सापडला नाही. गेला असंल रश्श्याबरोबर, म्हणून तिनं नाद सोडला. मांजरानं एक फोड हुंगली आणि तेही पाण्याच्या डोणीकडं गेलं.

आठ दिवस ती कुणाच्या हंड्यापुढं उभी राहिली नाही. "अंगात कसर हाय," म्हणायची. कसर कशात होती ते तिला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी तिनं गोवेकराचं ऐकलं. उरलेला तुकडा विळीवर पातळ पातळ कापला. एकदा विळी जरा अडली. हाड असंल, असं म्हणून तिनं तो काप थोडा जाड ठेवला. ज्या तुकड्यात हाड नव्हतंच, त्यात हाड असंल म्हणणारी ही पंडित! तवा तापला. तेल नाही, मीठ नाही. कापांच्या कडा वळल्या, चरबी सुटली, तिच्यातच ते चुरचुरले, आणि असा वास सुटला की शेजारच्या शालूबाईनं भिंतीवरनं मुंडी काढली. त्याच तव्यावर धोंडुबाईनं जोंधळ्याची भाकरी चरबीत परतून घेतली, वाया कशाला घालवायची म्हणून.

हवालदारांनी एक काप तोंडात टाकला. डोळे बारीक झाले. दुसरा टाकला. धोंडुबाई पदराचा बोळा करून समोर उभी. आता म्हणणार, आता म्हणणार. त्यांनी तिसरा, जाडसा काप घेतला, आणि कडाक् करून आवाज झाला.

हवालदारांनी तळहातावर थुंकून बघितलं. अर्धी दाढ आणि एक छर्रा.

"अगं," ते दमानं म्हणाले, "इटलीत मशिनगनच्या गोळ्या चुकवल्या मी. आन घरच्या परड्यात मला गोळी लागली?"

धोंडुबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हवालदारांनी छर्र्याकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं. दुकानातल्या डुकराला गोळी कुठनं लागणार, हे त्यांना कळत होतं. ते तोंड उघडणार, एवढ्यात आक्का धावत आल्या. त्यांनी छर्रा बोटांत धरून उजेडात फिरवला.

"अगंबया! खरंच की गं रानातलं! मी उगंच वंगाळ बोलले, धोंडे." आणि त्या पाटच ओढून बसल्या. "वाढ मला बी."

चार काप झाल्यावर आक्का म्हणाल्या, "बेळगावच्या रानातली डुकरं ग्वाड असत्यात बघ."

हवालदारांनी दुखरा उजवा गाल धरून हसू दाबलं. ताटात भाकरीचा तुकडा होता, तो त्यांनी दुसऱ्या बाजूनं सावकाश चावला. थांबले. आणखी एक चावला.

"काय टाकलंस ह्यात?"

"काय न्हाई. तव्यावरची चरबी."

"भाकरी ब्येस झालीया."

धोंडुबाईनं पदराचा बोळा सोडला. बेळगाव गाठलं, मांसात शिसं दडपलं, नवऱ्याची दाढ घेतली, आणि नाव झालं ते जोंधळ्याचं! पण "ब्येस" ते "ब्येस". तिनं ते पदरात बांधून घेतलं.

त्यानंतर दर मेळाव्याला एसटीत आधी तीच चढायची. घरी आल्यावर आक्का छर्रा विचारायच्याच, म्हणून पिराजीचा एक छर्रा दर साली लागायचा. फरक एवढाच, की आता तो कुठं दडपलाय तिथं ती लाल दोरा बांधायची. तरीही हवालदार मरेपर्यंत बेकन डाव्या बाजूनंच चावायचे.