ओवीच्या काखेतली गाठ

“सूनले माहेर धाडनं शे. पोर आमनापाशीच ऱ्हाई.” खुर्चीत टेकायच्या आधीच अक्कांनी निकाल लावून टाकला.

माझ्या जळगावच्या केबिनमध्ये पारोळ्याकडच्या या अक्का, त्यांचा मुलगा किरण, सून ज्योती आणि ज्योतीच्या मांडीवर दीड वर्षाची ओवी. बाहेर गाडी उभी. इथून निघालं की ज्योतीला परस्पर धुळ्याला, तिच्या माहेरी सोडायचं, असं ठरवूनच मंडळी आली होती. मी लहान मुलांची डॉक्टर. पेशंटच्या घरात नाक खुपसू नये असं आम्हाला शिकवतात. मी ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

ओवीचं दुखणं जुनं. बाळ जन्मलं की डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, टीबीपासून वाचवणारी लस. तिच्यात टीबीच्याच जातीचा, पण दुबळा केलेला जिवंत जंतू असतो. बाकीची पोरं तो पचवतात. ओवीच्या काखेत मात्र गाठ आली, फुटली आणि वाहतच राहिली. टीबीची औषधं झाली. मग ताप. रक्तात टायफॉइडच्या जंतूचा चुलतभाऊ सापडला. तो गेला आणि पुन्हा उलटला. पोर वाळत चालली. गावात कुजबुज सुरू झाली, की आईलाच टीबी आहे, दुधातून लेकराला गेला. ज्योतीचा एक्स-रे स्वच्छ, बेडकाही स्वच्छ. पण एक्स-रे दाखवून गावाचं तोंड बंद होतं का कधी?

नेमके हेच दोन जंतू फिरून फिरून छळतात म्हटल्यावर मला जन्मजात बिघाडाची शंका आली. ओवीचं आणि आईबापांचं रक्त जीन तपासायला मुंबईला पाठवलं. तेव्हा किरणला विचारलंही होतं, “नात्यातलं लग्न आहे का?”

“छे हो मॅडम. आडनाव वेगळं, कुळदेवी वेगळी.”

आता रिपोर्ट टेबलावर होता. जीनचं नाव आयएल-ट्वेल्व्ह-आर-बी-वन. हे नाव पेशंटसमोर उच्चारलं की ते थेट मोठ्या शहराची गाडी पकडतात, म्हणून मी नाव टाळलं.

“शरीरात जंतू शिरला की एक पेशी दुसरीला निरोप धाडते,” मी म्हटलं. “त्या निरोपाला सायटोकाइन म्हणतात. निरोप घ्यायला दुसऱ्या पेशीवर रिसेप्टर असतो. दारावरची बेल समजा. ती बेल कशी बनवायची हे या जीनमध्ये असतं. ओवीची बेल वाजतच नाही. मग आतल्या पेशीला कळणार कसं?”

“म्हनजे तिना रगतमाच खोट शे,” अक्का सुनेकडे बोट करून म्हणाल्या. “मी सांगेलच व्हतं!”

माझं डोकं फिरलं. “अक्का, दम धरा जरा. प्रत्येक माणसात या जीनच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. ओवीच्या दोन्ही बिघडल्यात. एक ज्योतीकडून आली, एक तुमच्या किरणकडून. आणि दोघांतला बिघाड अगदी एकच आहे. इतका दुर्मिळ बिघाड दोन परक्या घरांत सारखाच कसा निघेल? म्हणून पुन्हा विचारते, तुमचं एकमेकांत नातं काय?”

किरण पंख्याकडे बघायला लागला. ओवीचं झबलं सारखं करत ज्योती म्हणाली, “मॅडम, अक्का माझ्या सख्ख्या आत्या आहेत.”

हात्तिच्या! किरण खोटं बोलला नव्हता. मामाची मुलगी केली तर ते नात्यातलं लग्न असं कितीतरी घरांत कुणी धरतच नाही. ते हक्काचं स्थळ. कुळ वेगळं, देव वेगळा, म्हणजे घरही वेगळं.

“मग अक्का,” मी म्हटलं, “ज्या माहेराला तुम्ही नावं ठेवताय ते कुणाचं?”

अक्कांनी सुनेकडचं बोट मागे घेतलं. “मन्हंच शे,” त्या म्हणाल्या. “मन्हा भाऊनी पोर. मीच मांगीसन आनी.” मग एकदम माझा हात धरून, “मंग हाई मन्हामुळे व्हयनं?”

खरं तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट फार वाईट वाटलं. भावाचं आणि आपलं घर जोडलेलं राहावं म्हणून बाईनं हौसेनं भाची आणली होती. मी एकीच्या डोक्यावरचा दोष काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवला होता.

खुर्ची ओढून शेजारी बसले. “अक्का, अशी एखादी बिघडलेली प्रत माझ्यातही असेल. कुणी मागून घेत नाही. दोष वाटत बसू नका, औषध आहे. बेल वाजल्यावर आतली पेशी जे रसायन सोडते, ते इंटरफेरॉन गॅमा, आपण बाहेरून इंजेक्शननं देऊ. घरीच द्यायचं, महिनोन्‌महिने. त्याला आई जवळ लागेल.”

अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि ज्योतीकडे न बघताच म्हणाल्या, “चाल, घर चाल.” गाडी त्या दिवशी पारोळ्याच्या पुढे गेली नाही.

ओवी हळूहळू भरली. काख सुकली. पुढे ज्योतीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी बजावलं, “तपासणी होईपर्यंत नव्या बाळाला बीसीजी नाही. त्यालाही तोच बिघाड निघायची शक्यता चारात एक.” बाळंतपण धुळ्याला झालं. अक्काही गेल्या, कारण माहेर त्यांचंही तेच. दुसऱ्या दिवशी ओपीडी चालू असताना त्यांचा फोन आला.

“बाई, बीसीजीवाली उनी शे. मी तिले दारमाच रोखेल शे.”

मागून नर्सचा आवाज, “आजी, सरका हो! सगळ्या बाळांना देतात!”

“बठ्ठास्ले द्या,” अक्का कडाडल्या. “हाऊ मन्हा माहेरना शे!”

मी नर्सशी बोलले. लस थांबली, रक्त मुंबईला गेलं. पोराची एकच प्रत बिघडलेली निघाली, म्हणजे पोरगा ठणठणीत. मग बीसीजी टोचली. काखेत काही आलं नाही.

नात्यातलं लग्न आहे का, असं मी आता विचारत नाही. सासूचं माहेर कुठलं, ते विचारते. खरं उत्तर लगेच मिळतं.