शंकरच्या झोपेतली रानू

फिरायला कुठं जायचं, असं विपुलने विचारलं तेव्हा आई काशी म्हणेल, फार तर तिरुपती, असंच घरात सगळ्यांना वाटलं होतं. यशोदा वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कलकत्ता."

"तिथं कोण आहे आपलं?" जागृतीने, सुनेने विचारलं.

"कोनी नाय. बघायचंय."

वसई गावाबाहेरच्या या वाडीत लग्न होऊन आल्यापासून यशोदा सोनचाफा खुडत होती आणि बाजारात बसून विकत होती. नवरा शंकर गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. आईने जरा बाहेर पडावं म्हणून विपुल मागे लागला होता. पण कलकत्ता का, हे तिने सांगितलं नाही.

शंकर लग्नाआधी कलकत्त्याला होता. नदीकाठच्या एका बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. एकाएकी नोकरी सोडून तो घरी परतला, वाडीत राबायला लागला आणि त्या शहराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. जागेपणी तरी नाही. झोपेत मात्र अधूनमधून त्याचा श्वास चढायचा, हात अंथरुणावर काहीतरी चाचपायचा आणि तो स्पष्ट म्हणायचा, "रानू, हातटा छेडो ना."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा यशोदाच्या अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती. रानू म्हणजे बाई. हात म्हणजे हात. छेडो ना म्हणजे छेडू नकोस. एवढं कळायला बंगाली कशाला यायला हवं? तिने कूस बदलली, आणि पुढे संसारभर ती बदलतच राहिली. नालासोपाऱ्यात बंगाली कारागीर राहायला आले. त्यातला एकजण तर पूजेची फुलं तिच्याकडूनच न्यायचा. त्याला विचारता आलं असतं. पण विचारलं आणि तेच निघालं तर? शंकर दिवसा चांगला होता, कधी वेडंवाकडं बोलला नाही. रात्रीचा तेवढा आपला नाही, असं ती धरून चालली.

शंकर गेला, पण तो आवाज काही गेला नाही. विहिरीवरचा पंप बंद पडला, की पाठोपाठच्या शांततेत तिला ते ऐकू यायचं. एकदा भर दुपारी, फुलं पाटीत भरताना, इतकं जवळून आलं की तिने दचकून मागे पाहिलं. मागे नुसत्या केळी हलत होत्या. तेव्हापासून तिने मनाशी धरलं होतं, त्या बाईचं शहर एकदा डोळ्यांनी बघून यायचं.

विपुल फोनवर नकाशा उघडून बसला. "पहिल्या दिवशी व्हिक्टोरिया मेमोरियल. मग दक्षिणेश्वर, बेलूर मठ. एक दिवस हावडा ब्रिज आणि फुलांचा बाजार, तुला बघायलाच हवा तो. शेवटी नदीतून फेरीबोट."

तो एकेक नाव वाचायचा आणि यशोदा मनात म्हणायची, इथं भेटत असतील का दोघं?

खोली ठरवायला त्याने तिथल्या एका गेस्ट हाऊसला फोन लावला. मालकीण घोषालबाई हिंदीत बोलत होत्या. जेवणाखाणाचं ठरलं. विपुल फोन ठेवणार, एवढ्यात यशोदाने हात पुढे केला. "दे इकडं."

"बाई, एक बात पूछनी है," ती म्हणाली. मग जन्मात पहिल्यांदा तिने ते वाक्य स्वतःच्या तोंडून उच्चारलं.

पलीकडून बाईंनी विचारलं, "किसने बोला?"

"मेरे आदमी ने. नींद में."

"मतलब, रानू, हाथ मत छोडना."

"छेडना?"

"छेडना नहीं, दीदी. छोडना. कोई पानी में बह रहा हो, तब बोलते हैं ना, वैसा. रानू कौन है? बच्ची है कोई?"

यशोदाने फोन कानापासून खाली घेतला. तो जागृतीने हळूच काढून घेतला.

विपुल म्हणाला, "बाबा मला पाचूबंदरच्या धक्क्यावर कधी जाऊ द्यायचे नाहीत. आणि जत्रेत मनगट असं धरायचे की वळ उठायचे. मी रडलो तरी सोडायचे नाहीत."

"मी पाठ करून निजायची रे," यशोदा म्हणाली. "तो हात शोधत होता आनि मी पाठ करून निजायची."

"आई, नको जाऊया का?"

"तिकिटं काढ."

ते गेले. व्हिक्टोरियासमोर फोटो निघाले, फुलांच्या बाजारात झेंडूच्या राशी बघून यशोदा थोडी हसलीही. बर्फाच्या कारखान्याबद्दल मात्र कुणालाच काही सांगता येईना; नदीच्या काठावर आता उंच इमारती उभ्या होत्या. फेरीबोटीत जागृती म्हणत होती, "आई, पूल बघा, पूल!" यशोदा दांडा घट्ट धरून खालचं गढूळ, ओढीचं पाणी बघत होती. मग बोटीतली पोरं बघायची, कुणी कुणाचा हात धरलाय ते. रानू लहान होती की मोठी, बुडाली की कुणी ओढून काढली, काही कळलं नाही. सांगणारा माणूस उरला नव्हता.

त्या वर्षी सर्वपित्रीला यशोदाने शंकरसाठी पान वाढलं, आणि शेजारी दुसरं.

"हे कुणाचं?" जागृतीने विचारलं.

"घरातलंच. इतकी वर्सं इथंच तर होती."

शंकरच्या पानाला कावळा लगेच शिवला. दुसऱ्याभोवती दोनदा उड्या मारून माडावर जाऊन बसला. जागृतीने जेवायला हाक मारली, पुन्हा मारली. यशोदा पायरीवरून उठली नाही. ऊन केळींच्या मागे गेलं तरी ती त्या पानाकडं बघत होती.