पूजेला बसलेले मायक्रोमीटर

कपाटाचं दार मी उघडलं आणि आत आमचे सगळे मायक्रोमीटर झेंडूच्या फुलांत ओळीने बसलेले दिसले. मध्ये नारळ, शेजारी विड्याची पानं, पुढे विझलेली उदबत्ती. माझ्या एका बाजूला पुण्याहून आलेले ऑडिटर शिंत्रे साहेब उभे होते, दुसऱ्या बाजूला आमचे प्लँट मॅनेजर दळवी साहेब. दळवी साहेबांनी घसा खाकरला.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली, नगरजवळच्या सुप्याच्या एमआयडीसीतली. आमचा कारखाना लहान. स्कूटरच्या इंजिनात बसणाऱ्या पिना आणि बुश आम्ही बनवायचो. मी क्वालिटीची इनचार्ज होते. क्वालिटी म्हणजे पार्ट ड्रॉइंगप्रमाणे झालाय का ते मापून बघायचं, आणि झाला नसेल तर सगळ्यांशी भांडायचं. मापायला मायक्रोमीटर. केसाची जाडीसुद्धा बिनचूक सांगणारं हे हातात मावेल एवढं हत्यार. त्याचे दोन जबडे असतात, त्यांच्यामध्ये पार्ट धरायचा आणि आकडा वाचायचा.

पुण्यातली एक मोठी कंपनी आम्हाला काम द्यायच्या बेतात होती. आधी त्यांचा ऑडिटर येणार, आमची काम करायची पद्धत बघणार आणि पसंत पडली तर अप्रूव्हल देणार. अप्रूव्हल हुकलं तर दिवाळीनंतर सेकंड शिफ्ट बंद, असं मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे त्या शिफ्टची टेंपररी माणसं घरी. त्यात भानुदासभाऊंचा धाकटा भाऊ होता. भानुदासभाऊ म्हणजे माझ्या हाताखालचे सीनियर इन्स्पेक्टर, नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचे. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, त्यामुळे मी त्यांना भाऊ म्हणायची आणि ते मला म्याडम.

ऑडिटची तारीख दळवी साहेबांनी दिली. ते मुंबईहून नुकतेच आले होते. तारीख देताना त्यांनी ऑफिसच्या कॅलेंडरवर तांबडे आकडे तेवढे बघितले. खंडेनवमी तांबडी नसते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शेतकरी अवजारांची, गवंडी थापीची, कारखान्यातली माणसं मशिनची पूजा करतात. आणि एकदा पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. हे लक्षात आलं तोपर्यंत पुण्याचा होकार येऊन गेला होता.

मग दळवी साहेबांनी मीटिंग घेतली.

"पूजाबिजा, नारळबिरळ काही नको. कस्टमर काय म्हणेल? आपली इमेज प्रोफेशनल पाहिजे."

"साहेब, खंडेनवमीला पूजा न्हाई म्हनल्यावर कसं व्हायचं?" भानुदासभाऊंनी विचारलं.

"संध्याकाळी करा. गेस्ट गेल्यावर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या नगरकडे मान डोलावणं म्हणजे ऐकू आलं, एवढाच अर्थ असतो. दळवी साहेबांना वाटलं, पटलं.

पुढचे काही दिवस आमची इमेज रंगवण्यात गेले. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, ते वेळेत वाळले नाहीत, आणि सगळ्यांच्या बुटांचे पिवळे ठसे ऑफिसपर्यंत उमटले. गेटवरचं आंब्याच्या पानांचं तोरण काढून तिथे क्वालिटीवरचा इंग्रजी बोर्ड लावला. शेवटी साहेबांनी सगळ्यांसाठी इलॅस्टिकचे टाय आणले.

मी म्हटलं, "सर, टाय फिरत्या लेथमध्ये अडकला तर माणूस आत जाईल."

"मग लेथपासून लांब उभं राहायचं."

"लेथच्या ऑपरेटरने?"

साहेबांनी विचार केला आणि टाय फक्त इन्स्पेक्टर लोकांना ठेवले. भानुदासभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा टाय घातला आणि दिवसभर मान हलवली नाही.

खंडेनवमीच्या सकाळी साहेबांनी मला गेटवर गुच्छ घेऊन उभं केलं. डिप्लोमा इंजिनीयर, डिपार्टमेंटची प्रमुख, पण बाई म्हटल्यावर गुच्छ माझ्याच हातात. मी बऱ्यापैकी चिडले होते. शिंत्रे साहेबांची गाडी उशिरा आली. आत आमच्या माणसांनी काय केलंय, याची मला काहीच कल्पना नव्हती. मशिनची पूजा संध्याकाळी करायची, हे त्यांनी मान्य केलं होतं. पण दिवस अगदीच कोरा जाऊ नये म्हणून गेजची, म्हणजे मापायच्या हत्यारांची, पूजा त्यांनी कपाटात गुपचूप उरकून घेतली होती. साहेबांना दिसायला नको, म्हणून दारही लावून घेतलं होतं.

राउंड बरा चालला होता. शिंत्रे साहेब कमी बोलणारे, पन्नाशीचे गृहस्थ. लेथसमोर थांबून त्यांनी ताजी पिन उचलली आणि म्हणाले, "ही मापून दाखवा." म्हणून मी कपाट उघडलं.

"काढा ते सगळं," दळवी साहेब ओठ न हलवता पुटपुटले. "फुलं बाजूला करा आणि द्या एक."

भानुदासभाऊ हात मागे बांधून उभे राहिले. "साहेब, आज न्हाई उचलता येत. पूजा झालीय."

दळवी साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही उचला. तुम्हाला हे लागू नाही ना?"

खरं होतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरी दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसायची, विहारात वंदनेला जायचं. मी मायक्रोमीटर उचलला असता तर मला कसलंही पाप लागणार नव्हतं. तरी मला त्या क्षणी साहेबांचा फार राग आला. मी तिथे लागले त्या पहिल्याच वर्षी भानुदासभाऊ माझ्या टेबलापाशी येऊन विचारून गेले होते, "म्याडम, आमी गेजची पूजा करतो. तुमाला चालंल ना?" ज्या माणसाने मला विचारलं, त्याची पूजा त्याच्याच डोळ्यांदेखत मी मोडायची, आणि तीही ज्याने कुणालाच काही विचारलं नाही त्याच्या इमेजसाठी!

"सर, मला लागू नाही," मी म्हटलं. "पण ज्यांना लागू आहे त्यांच्यासमोर मी ते उचलणार नाही."

"आणि अप्रूव्हल?"

तेवढ्यात भानुदासभाऊ जवळ आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"उचला म्याडम तुमी," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तिकडं तोंड करून हुबा ऱ्हातो. भावाचं पोट हाय त्याच्यावर." आणि ते खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कपाटापर्यंत हात गेला होता, तो मागे घेतला आणि मी सरळ शिंत्रे साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. "सर, आज खंडेनवमी आहे. आमचे गेज पूजेला बसलेत, आज ते वापरता येणार नाहीत. तुमच्या बॅगेत तुमचा मायक्रोमीटर असेल तर द्या, मी त्याने मापून दाखवते."

दळवी साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"माझा कुठला असणार?" शिंत्रे साहेब म्हणाले. "तोही आज पूजेलाच बसलाय. आमचा प्लँट आज बंद असतो. म्हणून तर मला इकडे यायला सवड मिळाली." मग ते दळवी साहेबांकडे वळले. "तुम्ही नेमकी आजची तारीख दिलीत, तेव्हा मला वाटलं पूजेच्या जेवणाला बोलावताय. मशिन चालू बघून मीच गोंधळलो. चहाबिहा राहू द्या, प्रसाद तरी आहे का?"

प्रसाद होता. पेढे कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटांमागे लपवलेले होते. ते आधी शिंत्रे साहेबांना दिले, मग दळवी साहेबांना. दुपारी लेथ बंद केले आणि सगळ्या मशिनची पूजा रीतसर झाली. नारळ दळवी साहेबांनीच फोडला. तो तीन फटक्यांत फुटला नाही, शेवटी भानुदासभाऊंनी फोडून दिला.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर शिंत्रे साहेब पुन्हा आले. आता मापायचं होतं. मापण्याआधी मायक्रोमीटरचे जबडे रिकामे मिटवून बघायचे असतात. आकडा शून्य यायला हवा. मी मिटवले, आणि शून्य काही येईना. भिंगातून बघितलं तर एका जबड्याच्या तोंडावर कुंकू वाळून बसलेलं.

"भाऊ, कुंकू मायक्रोमीटरला नाही, त्याच्या पेटीवर लावायचं ठरलं होतं ना?"

"व्हय म्याडम. पन ऑडिट हुतं. म्हनलं, यंदा जरा जास्त लावावं."

शिंत्रे साहेब पहिल्यांदा मोठ्याने हसले. मी स्पिरिटने जबडा पुसला, पुन्हा मिटवला, शून्य आलं. मग पिन मापली. ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होती.

अप्रूव्हल मिळालं आणि सेकंड शिफ्ट चालू राहिली. भानुदासभाऊंचा भाऊ दिवाळीला लाडू घेऊन माझ्या घरी आला. शिंत्रे साहेबांनी दोन शेरे मात्र मारले. एक, पिवळा रंग वाळल्याशिवाय पाहुणे बोलावू नयेत. हा त्यांनी तोंडी मारला, कारण त्यांचे बूट नवीन होते. दुसरा लेखी होता. वार्षिक पूजेनंतर सर्व गेज स्वच्छ पुसून, शून्य तपासूनच वापरात घ्यावेत, अशी सूचना कंपनीच्या क्वालिटी मॅन्युअलमध्ये असावी. ती इंग्रजीत लिहायचं काम दळवी साहेबांकडे आलं. पूजा हा शब्द टाळण्यासाठी त्यांनी दोन दिवस घालवले आणि शेवटी तोच लिहून खाली सही केली.

माझी नोकरी त्यानंतर बरीच वर्षं झाली, ऑडिटही पुष्कळ झाली. त्यातून एवढंच शिकले, की सणासुदीला पाहुण्यासाठी स्वतःचं घर झाकून ठेवण्याआधी त्याच्या घरी आज काय आहे, ते फोन करून विचारावं. फोन दळवी साहेबांच्याच टेबलावर होता.