काचनळ्यांना लावलेली हळद

माझ्या पीएच.डी.चा विषय निघाला की घरातली मुलं आधीच हसायला लागतात. हसू द्या.

अमरावतीला विद्यापीठात रसायनशास्त्रात दोन वर्षं राबून मी चिमूटभर पांढरी भुकटी केली होती. दसरा झाला की माझ्या मार्गदर्शक सरांचे मित्र ती तपासणीसाठी नागपूरला नेणार होते. शुद्ध निघाली तर प्रबंध मार्गी, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

त्याआधी खंडेनवमी आली. अकोल्याहून आईनं हळदकुंकवाच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. "तुया यंत्राइले लावजो, विसरू नको. त्याच्यावरच तं पोट भरते."

पोट अजून तिनं एसटीनं धाडलेल्या डब्यावर भरत होतं, पण लावलं. तराजू झाला, बर्नर झाला. कुणी नाराज राहू नये म्हणून केसासारख्या बारीक काचनळ्यांच्या जुडीवरही हळदीचं ओलं बोट फिरवलं, नेमकं टोकांवर.

सुट्टी संपल्यावर शेवटची चाचणी घेतली. जुडीतल्या नळीनं द्रावकात विरघळवलेल्या पदार्थाचा थेंब लेप दिलेल्या काचपट्टीवर ठेवायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. पदार्थ शुद्ध असेल तर एकच ठिपका वर चढतो. माझा ठिपका जांभळ्या दिव्याखालीच दिसायचा. आज त्याच्या सोबतीला दुसरा होता, पिवळाधमक, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. चार पट्ट्या केल्या, चारींवर तोच.

सर आले. "काहून तोंड पाडून बसला बे?"

"माल खराब झाला, सर. विघटन झालं." विघटनाची तीन कारणंही मी सांगितली, तीही संदर्भांसकट.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "आता माल घेऊच नको. नुसतं द्रावक लाव."

लावलं. पदार्थाचा कणही नसताना पिवळा ठिपका ऐटीत वर चढला!

सरांनी जुडी खिडकीजवळ नेऊन पाहिली. "हे काय फासून ठेवलं?"

"हळद, सर. खंडेनवमीची."

"मंग कुंकू काहून सोडलं?"

"तराजूपाशीच संपलं, सर."

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नवी नळी घेतली, नवी पट्टी केली. एकच ठिपका. मी ती पट्टी तीनदा दिव्याखाली धरून पाहिली. भुकटीची कुपी सरांनीच मित्राच्या हाती दिली.

नागपूरला भुकटी शुद्ध निघाली. ती बातमी घेऊन अकोल्याला गेलो, तर आईनं विचारलं, "लावली होती ना हळद?"

"लावली होती."

"म्हणून तं काम झालं."

चारही पट्ट्या माझ्या पिशवीत होत्या. मी त्या बाहेर काढल्या नाहीत.