पेंटर नाना आणि धुळ्याचा फलक

"वलं शे, हात लावू नका!" आमच्या पेंटर नानांचं हे पहिलं वाक्य. चार दिवसांपूर्वी वाळलेल्या पाटीलाही ते ओलीच म्हणायचे आणि कोणी आलं की तिच्यावर गोणपाट टाकायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. झाकपाक करणाऱ्यावर आपला विश्वास बसत नाही. माझाही बसत नव्हता.

तेव्हा प्रांतिक निवडणूक होती. जळगावात पक्षाच्या कचेरीत मी कारकून होतो आणि आमचे कापडी फलक नाना रंगवायचे. त्यांच्या 'त'ची शेपटी कडुनिंबाच्या पानासारखी वळायची. तसा 'त' अख्ख्या खानदेशात दुसरा नव्हता.

एकदा कामाला धुळ्याला गेलो, तर चौकात विरोधी पक्षाचा फलक टांगलेला. 'मत' या शब्दात तोच 'त'!

परत येऊन मी आमच्या चिटणीसांना, भाऊंना, सांगितलं. भाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, तिकडचंही काम घेतलंत?"

नाना आपल्या बोटांकडे बघत राहिले. "अक्षर मनं शे, भाऊ. हात मना नई."

अक्षर माझं, हात माझा नाही! ही शुद्ध लबाडी, असं आम्ही ठरवलं. त्याच दिवशी त्यांचं काम सुटलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या दारावर कोळशानं 'फितूर' लिहिलं.

मला मात्र पुरावा हवा होता. रविवारी नाना धुळ्याच्या मोटारीत बसले, तसा मीही तोंडाला उपरणं गुंडाळून मागं बसलो. धुळ्यात ते एका गल्लीतल्या घरात शिरले. रंगाचा वास आला आणि मी सरळ आत घुसलो.

जमिनीवर कापड अंथरलं होतं. नाना त्याचं टोक ताणून धरून बसले होते. लिहीत होती त्यांची विधवा मुलगी. मला बघून तिनं कुंचला पदराआड केला.

"नाना, हाऊ कोण शे?"

नानांनी मला बाहेर आणलं. मुलगी सासरीच राहायची. सासरे शेतात गेले की ती लिहायची आणि फलक दिराच्या नावावर विरोधी पक्षाकडं जायचे.

"सासराले कळनं तर कुंचला जाई तिना," नाना म्हणाले. "पोरनं नाव काढू नका."

"पण तुमच्यावरचा आळ?"

"ऱ्हाऊ द्या."

मी गप्प राहिलो. तिच्यासाठी, असं स्वतःला सांगत आलो. पण भाऊंपुढं माझी चूक कबूल करायचीही मला लाज वाटत होती. जळगावात नानांना पुढं कोणी काम दिलं नाही.

दोनेक वर्षांनी भुसावळच्या यार्डात ते दिसले. मालगाडीच्या डब्यांवर आकडे रंगवत होते. मी जवळ गेलो. शेजारच्या गड्यानं विचारलं, "कोण शे, नाना?"

"जळगावना शे," ते म्हणाले. "भला माणूस शे." आणि डबा पुसून पुढचा आकडा काढायला लागले.